गोमाच्या वाटची मांजू

"अहो, जरा वाट द्याल का? खांद्यावर सिलिंडर आहे."

"माझ्याही खांद्यावर आहे," वाकाना न वळताच म्हणाली. "फक्त माझा घोरतो."

नागासाकीच्या त्या टेकडीवर गाडी चढत नाही. गॅसपासून कपाटापर्यंत सगळं माणसाच्या खांद्यावरून वर जातं. फेब्रुवारीतल्या त्या गार सकाळी अरुंद पायऱ्यांवर असे दोन खांदे एकामागे एक अडले होते. वाकानाच्या खांद्यावर साडेपंधरा किलोंचा कुत्रा होता, गोमा. गोमा म्हणजे तीळ. बाबांनी आणलं तेव्हा पिल्लू खरंच तेवढंसं, काळंभोर होतं. आता तिळाचा भोपळा झाला होता. तीन किलो उतरले नाहीत तर मागचे पाय जातील, असं डॉक्टरांनी नुकतंच बजावलं होतं.

ती दमून पायरीवर टेकली. गॅसवाला तेप्पेईही सिलिंडर उतरवून शेजारी बसला, आणि तिनं त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. बाबा शरदात गेले. ऑगस्टमध्ये पितरांचा सण, बोन, आणि बाबांचा तो पहिलाच. त्यांची समाधी घरापासून एकशे चाळीस पायऱ्या वर. हयात असताना तिथवर ते रोज गोमाला घेऊन फिरायला जात. बोनच्या संध्याकाळी गोमानं स्वतःच्या पायांनी वर यावं, एवढंच आईनं मागितलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, आधी सपाटीवर चालवा. वजन कमी होईपर्यंत पायऱ्या उतरणं तर अजिबात नको… इथं सपाटी आणू कुठून?"

"सपाटी खाली आहे, ट्रामच्या रुळांपाशी." तेप्पेईनं गोमाला नीट न्याहाळलं. "आणि सकाळी कामाआधी माझे खांदे रिकामेच असतात."

मग ते रोजचंच झालं. तेप्पेई गोमाला खाली न्यायचा, दोघं त्याला नदीकाठानं आधी दहा मिनिटं चालवायची, मग वीस. शेवटी दहा उठबशा. गोमा तिसऱ्यालाच आडवा व्हायचा, म्हणून तेप्पेई स्वतः त्याच्यासमोर उठबशा काढायचा आणि वाकाना हसत मोजायची.

"गोमाकडे लक्ष द्या," ती म्हणायची.

"देतोय की."

"तो डावीकडे आहे…"

एप्रिलमध्ये वजनकाट्यानं सगळ्यांची जिरवली. दोन महिन्यांत उतरले फक्त दोनशे ग्रॅम. त्याच दिवशी वाकानाला गोमाच्या मिशीला गोड सारण चिकटलेलं दिसलं. मांजूचं. वाफवलेल्या गोळ्यात पुरणासारखं सारण भरतात, ते. तिचा पाराच चढला. तुम्हीच त्याला लाडावून ठेवता, असं तिनं तेप्पेईला तोंडावर सुनावलं. तो लाल झाला. मी नाही दिलं, एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी कंबर धरल्यामुळे ती कामावरून लवकर परतली. आई बाबांच्या फोटोपुढचा नैवेद्य उतरवत होती. तिनं मांजू मोडली आणि गोमाच्या तोंडात घातली.

"आई…"

आई दचकली, मग खालीच बसली. "उतरवलेला नैवेद्य घरच्यानंच खायचा असतो. मला गोड चालत नाही, तू दिवसभर बाहेर. घरचं उरलं कोण? आणि हे निम्मी मांजू त्यालाच द्यायचे ना गं."

तेप्पेईनं सिलिंडर बदलताना खिडकीतून हे आधीच पाहिलं होतं, असंही आईनं कबूल केलं. पोरीला सांगू नकोस म्हणून तिनं त्याला हात जोडले होते.

वाकाना तशीच गॅसच्या गोदामात गेली आणि सगळ्या कामगारांदेखत माफी मागायला त्याच्यापुढे कमरेत वाकली. तुम्ही सांगायचं तरी, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तुम्ही विचारलं कुठं होतं?" तेप्पेई हळूच म्हणाला. "ठरवूनच टाकलं होतं, मीच दिलं म्हणून."

तिला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा दिसला, तेव्हा त्याहूनही जास्त आनंद झाला.

फोटोपुढे आता उकडलेला कोबी येऊ लागला. त्यांना कोबी कधी आवडला नाही, असं आई कुरकुरली. आता घेतील चालवून, असं वाकानानं ठणकावलं. जूनमध्ये गोमाची कंबर दिसू लागली. जुलैत तो पायऱ्या चढू लागला, आधी वीस, मग पन्नास. ऑगस्टमध्ये काटा साडेबारावर थांबला तेव्हा डॉक्टरांनी त्याचा पंजा हातात घेऊन हलवला.

बोनच्या संध्याकाळी टेकडीभर समाध्यांपुढे कंदील लागले होते. नागासाकीत तिथंच खाणंपिणं होतं, फटाकेही तिथंच वाजतात. गोमा चढत होता. शंभराव्या पायरीवर तो बसला. तेप्पेईचे हात आपसूक पुढे झाले, वाकानानं त्याचं मनगट धरलं. आई दोन पायऱ्या वर जाऊन बाबांसारखीच म्हणाली, "चल म्हाताऱ्या, वर वारा आहे."

गोमा उठला. उरलेल्या चाळीस पायऱ्या तो एकदाही न थांबता चढला आणि बाबांच्या दगडावर हनुवटी टेकून धापा टाकत राहिला. शेजारच्या समाध्यांपाशी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळे टिपायला आईला पदर नव्हता, तिनं ते बाहीनंच पुसले.

तेप्पेईनं मोकळ्या हातानं स्वतःचा खांदा चोळला. "आता त्याला उचलायची गरज नाही," तो म्हणाला. "उद्यापासून खांदे रिकामेच…"

वाकानानं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "गोमाला नसेल गरज. मला आहे. मला तू आवडतोस, तेप्पेई… उठबशांपासूनच."

"मला तर तू त्या पायऱ्यांवर अडवलंस, तेव्हापासून," तो म्हणाला.

आईनं ऐकलं नसल्यासारखं केलं. सणाची म्हणून आज एक मांजू आणली होती, ती तिनं समाधीपुढून उतरवली, मोडली आणि निम्मी तेप्पेईपुढे धरली.

तो गोंधळला. "काकू, हे तर…"

"खा," आई म्हणाली. "नैवेद्य घरच्यानंच खायचा असतो."

तेप्पेईनं ती दोन्ही हातांनी घेतली. गोमा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. त्याला त्याच्या वाटचा कोबी मिळाला.