पाकोळीचं कुलूप

“पुन्हा म्हण. बापापासून सुरू कर. मध्येच श्वास घेतलास तर मधला पूर्वज रुसतो.”

आजोबांचा हा आवाज बुरुलच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं पाठ करायची ही किरगिझ शिकवणी तिच्या भावाची असायची. ती कोपऱ्यात कणीक मळत बसलेली. भाऊ अडखळला की तिचे हात थांबायचे आणि पुढच्या पूर्वजाचं नाव तिच्या ओठांवर येऊन बसायचं. अजूनही मन थाऱ्यावर नसलं की ती सातही नावं पुटपुटायची. त्या सकाळी बिश्केकच्या बाजारातून गरम नान घेऊन येताना ती तेच करत होती, तेवढ्यात नुरिपाचा फोन आला.

“कुणीतरी पाकोळीची पत्रं वाचलीत. कुलूप शाबूत आहे गं, घर मात्र लुटलंय.”

नुरिपा एक वेबसाइट चालवायची. पळवून नेऊन लग्न लावलेल्या आणि मग त्या घरातून निसटलेल्या मुली तिथं टोपणनावानं लिहायच्या. खऱ्या नावाला जागाच नव्हती. वकील, काम, लपायची खोली, सगळं त्या पत्रांतून ठरायचं. ‘पाकोळी’ शिवणाच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायची. आज सासरची दोन माणसं तिच्या दारात उभी राहिली. मागच्या जिन्यानं ती निसटली, आणि आता नुरिपाच्या कचेरीतल्या आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती.

लोकांची संगणकावरची कुलपं तपासणं हाच बुरुलचा धंदा. तिनं पहिलं विचारलं, की कचेरीतल्या बाकीच्यांना काय सांगितलंय. नुरिपा म्हणाली, कुणाचंतरी खातं उघडलं गेलं, एवढंच. मुलगी मागच्या दारानं आली, तिला कुणी पाहिलेलं नाही.

“मग तेवढंच राहू दे.”

संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर वेबसाइट बंद करीन, असं नुरिपा म्हणाली. बाकीच्या मुलींना मात्र हाक मारायला दुसरी जागा नव्हती.

कचेरीत येऊन बुरुलनं नोंदी पाहिल्या. पाकोळीचं खातं गेल्या गुरुवारी कचेरीतूनच उघडलं होतं. पहिल्याच झटक्यात. एकही चुकलेला प्रयत्न नाही. मग तिनं मुलीला विचारून तिची पत्रं वाचली. एका पत्रात वकिलाला लिहिलं होतं: ‘मला पळवलं त्या दिवशी गाडीतून मी भावाला फोन लावला. त्याचा फोन घरी राहिला असेल.’

त्या ओळीवर बुरुल जरा जास्तच रेंगाळली.

सर्व्हर सांभाळणारा गेना जाडजूड, हसरा रशियन.

“पासवर्ड कुणाला दिसतो?” तिनं विचारलं.

“कुणालाच नाही. आपण पासवर्ड ठेवतच नाही, त्याचं दळण ठेवतो. पिठाचा दाणा परत होतो का कुठं?”

“तुझा स्वतःचा कसा निवडलास? सांगू नकोस, कसा ते सांग.”

“कुत्रीचं नाव, पुढं तिच्या पिल्लांची संख्या. तुम्हा किरगिझांसारख्या सात पिढ्या आमच्या कुठं पाठ असणार? मला आजोबापर्यंतच माहीत, आणि तोही फोटोतला.”

दळणाची सारणी त्याच्याखेरीज फक्त मेदेर उघडू शकतो, असंही तो म्हणाला. जुन्या दळणात मीठ नव्हतं. मेदेरनं गेल्या गुरुवारी त्याच पिठात मीठ घालून सगळं पुन्हा दळलं. प्रत्येक पासवर्डाशी जी वेगवेगळी आडमुठी अक्षरं मिसळतात, त्यांना ह्या धंद्यात मीठच म्हणतात.

मेदेर आला. सडपातळ, डोळ्यांखाली काळं. वेबसाइटचा सगळा प्रोग्राम त्याचा. चहाचा पियाला त्यानं हातात घेतला, ओठाला लावला नाही.

“मीठ कशाला लागतं?”

“नसलं तर चोराला अंदाज बांधणं सोपं जातं, एजे.” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला म्हणाला.

“आणखी?”

तो पियाल्यात बघत राहिला. “आणखी काही नाही.”

उठताना दारात थबकला. “ती आता त्या खोलीत नाही ना?”

“नाही,” बुरुल म्हणाली. त्यानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

गेनानं जुन्या सारणीची प्रत जपून ठेवली होती. बिनमिठाचं दळण. बुरुल एकेक ओळ उतरत गेली आणि थांबली. दोन ओळी अक्षरन् अक्षर सारख्या होत्या. एक पाकोळीची. दुसरीपुढं नुसतं ‘चाचणी’. कचेरीतल्या कुणीतरी वेबसाइट वापरून बघायला उघडलेलं खातं.

ती आतल्या खोलीत गेली आणि मुलीसमोर जमिनीवरच बसली.

“पासवर्ड मला नको. पण तुला तो सुचला कुठून?”

“इथंच लिहिलंय ना, लांब असावा, तोंडपाठ असावा. माझ्या तेवढंच पाठ आहे. आजोबा भावाला शिकवायचे, मी भांडी घासता घासता ऐकायची.”

दारातल्या नुरिपानं मान खाली घातली. तो सल्ला तिनं लिहिला होता.

“पहिलं नाव कुणाचं?”

“बापाचं. आणखी कुणाचं असणार, एजे?”

दुपार कलताना बुरुलनं सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. आतलं दार तिनं किलकिलं ठेवलं होतं. नान मध्ये ठेवला. कुणी तोडला नाही.

“कुलूप कुणी फोडलं नाही,” ती म्हणाली. “चोराला पासवर्ड शोधावा लागला नाही. तो त्याच्याच तोंडी होता. मीठ नसलं की सारख्या दाण्याचं पीठ सारखंच पडतं. गुरुवारी सारणी उघडणाऱ्याला ‘चाचणी’च्या आपल्याच ओळीची जुळी ओळ दिसली. ह्या मुलुखात इतकं लांब, इतकं पाठ दुसरं काय असतं? सात पूर्वज. चुलतभावंडांचं पहिलंच नाव वेगळं. पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळी नावं जुळतात ती एका बापाच्या लेकरांची.”

गेनाचं हसू मावळलं होतं.

“गेनाला सात नावं येत नाहीत. नुरिपाला सारणी उघडता येत नाही. आणि पत्रांत एक खोली आहे, तिथून कुणाला हलवावं लागलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू मात्र विचारलंस, मेदेर. मीठ नसलं की आणखी काय होतं, तेवढं तू सांगितलं नाहीस.”

मेदेरनं नाकारलं नाही. त्यानं पियाला खाली ठेवला, तो लवंडला, आणि चहा टेबलावरून ठिबकत राहिला.

“मी फक्त आईला सांगितलं. जिवंत आहे, अमक्या कारखान्यावर राहते. आईचं रडणं ऐकवत नव्हतं, एजे.”

आईनं ते मुलीच्या सासरी कळवलं होतं. लेक परत नांदेल, चारचौघांत मान वर होईल, एवढाच तिचा हिशेब.

नुरिपा म्हणाली की वेबसाइट चालू राहील, पण मेदेरचा हात तिला लागणार नाही. सल्ला ती स्वतः बदलेल. गेनानं त्याच बैठकीत मेदेरच्या किल्ल्या रद्द केल्या आणि सगळ्या मुलींना नवा पासवर्ड घ्यायला लावणारा निरोप लिहायला घेतला.

किलकिलं दार उघडलं. पाकोळी उंबऱ्यावर उभी राहिली. पुढं आली नाही.

“बाइके,” तिनं थोरल्या भावाला हाक मारली, “माझी पत्रं सगळी वाचलीस?”

“सगळी.”

“मग तुझ्याबद्दल लिहिलेलंही वाचलं असशील.”

मेदेरनं खालच्या ओघळाकडं पाहिलं. मग वर, बहिणीकडं.

“फोन घरी राहिला नव्हता, उमसुनाय,” तो म्हणाला. “हातात होता. तुझं नाव दिसत होतं. आई म्हणाली, वाजू दे, होईल सगळं नीट. वाजायचा थांबेपर्यंत मी बघत उभा होतो.”