चारूचे रविवार

मिरजेच्या मंदनिद्रा केंद्रात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक नेहमीचं. दुसऱ्याचा काटा हलतो की नाही हे कळायला त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसावं लागे. ऋजुता मगदूम वीस मिनिटं बसली होती. तिला तो हलताना दिसला नव्हता.

"बिघडलेलं नाही ते," डॉक्टर यास्मिन बारगीर आत येत म्हणाल्या. "मंदकक्षात, त्या झाकणाच्या पेटीत, झोपलेल्या माणसाच्या पेशींचं घड्याळ आहे. बाहेर सहा दिवस जातात, आत जेमतेम दीड तास. तुम्ही संख्याशास्त्र शिकलात ना? मग फार समजवावं लागणार नाही."

"गणित कळलंय, मॅडम. मुलगी कशी राहील ते सांगा."

"झोपेल. दर रविवारी सकाळी उठेल, दिवसभर तुमच्या घरी खेळेल, अभ्यास करेल, दिवेलागणीला परत येईल. तिला वाटेल, आज रविवार, उद्या रविवार. दात, केस, नखं, सगळं त्याच मापाने वाढणार. सात आठवडे गेले की ती एका आठवड्याने मोठी."

"फ्रॉक बरेच टिकतील म्हणजे," ऋजुताचा नवरा अभिनंदन म्हणाला. कुणी हसलं नाही.

सहा वर्षांची चारू खिडकीशी उभी राहून काचेवर बोटाने चित्र काढत होती. ऋजुताने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. विमा कंपनीत ती दिवसभर हेच करायची. कुठल्या वयाला काय घडण्याची किती शक्यता, ते मांडायचं.

"आमची ठेव वर्षाला नऊ टक्क्यांनी वाढते. चांगल्या कॉलेजची फी सात टक्क्यांनी. फरक दोनचा. चारू अठराची व्हायला बारा वर्षं आहेत, आणि बारा वर्षांत त्या दोनाचं काही होत नाही. तीस वर्षांत होतं. एकवीस वर्षं ती रविवारपुरती जगली तर नऊ वर्षांची होईल. पुढची नऊ नेहमीसारखी. झाली तीस."

"आणि कर्ज?"

"कर्ज नको."

हे ती इतक्या झटकन म्हणाली की डॉक्टरांनी मान वर केली. ऋजुताच्या स्वतःच्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटत होतं. तिचे बाबा जामीन होते. हप्ता चुकला की वसुलीचा माणूस त्यांच्या भांड्यांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर उभा राहायचा. बोलायचा काहीच नाही. बाबा त्याला पाणी द्यायचे. त्या पाण्याच्या पेल्याची तिला अजून भीती वाटे.

"एक विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सगळेच आईबाप हे करायला लागले तर?"

"सगळे कुठे करतायत?" ऋजुता म्हणाली आणि सही केली.

सोमवार ते शनिवार घर विलक्षण नीटनेटकं राहू लागलं. रविवारी पहाटेपासून ऋजुता केंद्राच्या दाराशी. चारूला झोपवण्या-उठवण्याचं काम मालनसिस्टर करायच्या. झोपणाऱ्याच्या अंगाला लावायच्या थंड मलमाने त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडून सोलवटलेली असत. "घ्या तुमचं पार्सल," असं म्हणून त्या चारूला बाहेर आणत.

ऋजुता दर वेळी आधी नखं बघायची. सात-आठ रविवारांनी ती कापण्याइतकी वाढत. एक दात पाच महिने हलत होता. शेजारची शर्वरी चारूच्याच वयाची. दोघी पहिल्या वर्षी भातुकली खेळल्या. मग शर्वरी उंच झाली, मग बारावीला बसली आणि मग लग्न होऊन कोल्हापूरला गेली. चारू तेव्हा जेमतेम नऊची.

"आई, सगळे एवढ्या घाईघाईने का मोठे होतात?" तिने विचारलं.

एकदा तिने बँकेचं चित्र काढलं. शटर खाली ओढलेलं. केंद्रातल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात बाईंनी विचारलं, बँक बंद का? चारूला प्रश्नच कळला नाही. तिने बँक कधी उघडी पाहिलीच नव्हती.

एकवीस वर्षं झाली त्या महिन्यात ऋजुताने पुन्हा कागद काढला. फी सातने वाढायची ती गेली दहा वर्षं अकराने वाढत होती.

"असं कसं होईल?" अभिनंदन म्हणाला.

ऋजुताला ते बघताक्षणी कळलं होतं. केंद्रात आता चारशे खाटा होत्या. पुण्याला दोन हजार. तीस तीस वर्षं साठवून लोक येणार हे कॉलेजांनाही माहीत झालं होतं, आणि लोक जेवढं आणतील तेवढी फी होत होती. इतरांच्या वागण्याशी आपला काही संबंध नाही असं धरून तिने सगळं गणित मांडलं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने करावी अशी चूक.

"आता उठवू तिला कायमचं," अभिनंदन म्हणाला. "झालं तेवढं बास."

"आणि एकवीस वर्षं पाण्यात घालू? अजून थोडी थांबू. तिची दोनच वर्षं जातील."

तिची दोन म्हणजे त्यांची चौदा. ती संपली तेव्हा चारू अकरा वर्षांची होती, ऋजुता सहासष्टची, आणि तिच्या पोटातली गाठ किती जुनी ते कुणाला सांगता येत नव्हतं.

"दोन वर्षं," म्हाताऱ्या झालेल्या डॉक्टर बारगीर म्हणाल्या. त्यांनी फिरवून सांगितलं नाही. "चारू झोपत राहिली तर तुम्हा दोघींना शंभर दिवस मिळतील. तिला जागं केलंत तर सातशे, पण तेराव्या वर्षी ती आईविना. तिसरा एक मार्ग आहे. तुम्ही झोपा. गाठही तुमच्याबरोबर झोपेल. दोन वर्षांचे सातशे दिवस होतात, ते सातशे रविवार करता येतील. म्हणजे चौदा वर्षं. चारू पंचविशीची होईपर्यंत तुम्ही असाल."

"आजारी माणसाची खाट फार महाग असते," ऋजुता म्हणाली. "ठेवीला हात लावायचा नाही."

चारू त्या संध्याकाळी मंदकक्षाच्या काठावर बसली होती. मालनसिस्टरांनी तिला झोप म्हटलं, तर ती उतरून खाली उभी राहिली.

"मी नाही झोपणार. मला सोमवार बघायचाय. आईला झोपवा इथे."

"खाटेचं मी बघतो," अभिनंदन म्हणाला. "माझे निवृत्तीचे आहेत ना." इतक्या वर्षांत तो ऋजुताच्या नजरेला नजर न देता क्वचितच बोलला होता. तिने ते टिपलं, आणि झोपली.

मग तिलाही तसंच वाटू लागलं. आज रविवार, उद्या रविवार. डोळे उघडावेत तर चारू एका आठवड्याने मोठी. काल आईच्या मांडीत डोकं खुपसणारी मुलगी आज थोडी लांब बसते. एका रविवारी आवाज बदललेला. पुढच्या कुठल्याशा रविवारी ती डोळे पुसून आलेली, आणि कशासाठी ते मंगळवारीच घडून संपलेलं. "काही नाही गं आई, जुनं झालं." चारूच्या लहानपणी आपणही तिला हेच सांगत होतो, हे ऋजुताला आठवे.

अशी सात वर्षं गेली. तिचं एक.

त्या रविवारी चारू हसत आली. "पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं," ती म्हणाली. अभिनंदन पंच्याहत्तरीचा. तो काठीच्या मुठीकडे बघत राहिला.

"नेलकटर आण," ऋजुता म्हणाली.

"माझी नखं कापलेली आहेत, आई."

"बघू."

चारूने हात पुढे केला नाही. ऋजुताने तो ओढून घेतला. नखं पार मुळाशी कापलेली. बोटांची टोकं पांढरी, सोलवटलेली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. मालनमावशी गेल्या, त्यांच्या जागी. सोमवार ते शनिवार इथेच असते मी." चारू खाली बघत म्हणाली. "तुझ्याजवळच असते."

"खाटेचे पैसे ठेवीतून जातायत."

"माझ्या नावावर होती ती ठेव. मी सांगितलं, बाबांनी सही केली. तू त्यांना बोलू नकोस."

"किती उरलीय?"

"निम्मी. पुण्याचं होणार नाही त्यात. सांगलीच्या सरकारी कॉलेजचं होईल, आरामात, कर्ज न काढता. पण मग खाट पुढे चालवता येणार नाही. म्हणून मी सांगलीलाही नको म्हटलं." मग सहज, काहीच मनात न ठेवता तिने विचारलं, "सांगलीचं कॉलेज तेव्हाही होतं का गं? मी सहा वर्षांची असताना?"

अभिनंदनने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"होतं," ऋजुता म्हणाली.

तिने चारूची बोटं एकेक करून आपल्या तळहातावर ठेवली. कापायला काही नव्हतं. तिने नुसतीच ती पुसली. दिवेलागण झाली तशी चारूने सवयीने मलमाचा डबा उघडला, मंदकक्षाचं झाकण वर केलं.

ऋजुता खुर्चीतून उठली नाही.

"आई, चल. उशीर होतोय."

"सांगलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख कधी आहे?"

"बुधवार. आई, तसं करू नकोस. झोपलीस तर अजून सात वर्षं आहेत. जागी राहिलीस तर एकच आहे."

"माहितीये. गणित माझंच आहे ना." ती दोन घड्याळांकडे बघत होती. "एकच आहे, पण त्यात सगळे वार आहेत. उद्या बँक उघडली की आपण तिघं जाऊ. मला आत येऊन बसायचंय. तुला फी भरताना बघायचंय."

चारूने झाकण हातात तसंच धरून ठेवलं होतं. शेवटी अभिनंदन उठला, आणि ते त्याने हळूच खाली लावलं.