एका पानाचा सारांश

उत्तराची कादंबरी पुरी झाली आणि नीलाच्या पोटात दुखायला लागलं. तोंडाने "भारी हं!" म्हणाली, पण आत नुसती आग. लेखिका व्हायचं होतं नीलाला, आणि झाली कोण, तर दिल्लीतल्या द्वारकेतली तिची ही शेजारीण!

वर बाईसाहेब सकाळी हस्तलिखिताचा गठ्ठा घेऊन दारात. "यार, पुण्याच्या प्रकाशकांना एका पानाचा सारांश हवाय, शेवटासकट. तूच लिही. जाडजूड फायलींचं एक पान करण्यात मिनिस्ट्रीत तुझा जन्म गेलाय."

नीलाने सहा दिवसांत कादंबरी वाचली. चांगली होती, मेली! शेवटी नायिका मयुरा गाझियाबादच्या कारखान्यात पुन्हा कामावर रुजू होते. नीलाने सारांशात तिला ट्रकखाली घातलं. असला रद्दड शेवट बघून प्रकाशक नाही म्हणतील, बस्स.

मग पानांची संख्या टाकायला तिने शेवटचं पान उलटलं. मयुरा ट्रकखाली गेली होती.

तिने फोन लावला. "शेवट कधी बदललास?"

"बदलला? पहिल्यापासून तोच आहे. तीन महिने रडत लिहिलाय गं."

नीलाने ते प्रकरण वाचलं आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो जळफळाट. आपण थापलेल्या शेवटाचंही हिने सोनं करावं?

अठरा वर्षं तिच्या डोक्यात एक कादंबरी होती. कागदावर ओळ नाही. गठ्ठा सारांशाचं ऐकतो ना? मग तीही त्यालाच लिहू दे. आपण उतरवून घेऊ, कोणाला कळतंय!

तिने नवं पान घेतलं. नायिका, तिचं गाव, शेवट, सगळं एका दमात लिहिलं.

गठ्ठा उघडला. सगळं होतं. तिला हवं होतं अगदी तसं.

दुपारपर्यंत ती वाचत राहिली. तेवढ्यात उत्तरा आली.

"वाचलीस? अठरा वर्षं डोक्यात होती गं माझ्या."

"माझ्या!" नीला ओरडली. "ही माझी आहे, उत्तरा!"

उत्तरा घाबरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अच्छा. नायिकेचं नाव काय?"

नीलाने तोंड उघडलं.

अठरा वर्षं जपलेलं नाव. रोज झोपताना मनात घेतलेलं.

उत्तरा वाट बघत होती.

नीलाने खाली मान घातली आणि गठ्ठ्याचं पहिलं पान उलटलं, नाव बघायला.