समेवरची दाद

दिगंबर ओगल्यांना घरी बसून वत्सलाबाई नाडगिरांची तोडी फक्त डाव्या कानानं ऐकू येई, आणि घराबाहेर कुठल्याच कानानं नाही. ही तक्रार घेऊन ते मिरजेत डॉक्टर फरीदा शिकलगार यांच्याकडे आले, कारण ओगल्यांच्या कानांत कर्णिका बसवल्या होत्या त्या डॉक्टरांनीच.

इयरफोनांनी तोवर पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या कानांची वाट लावली होती. कर्णिका, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा यंत्रकान, आवाज पकडून थेट श्रवणनाडीला पोचवी. मात्र पोचवण्याआधी तो तपासून घेई. प्रत्येक बंदिशीत सूर कसे चढतात, कुठे वळतात याचा एक नकाशा असतो. ख्याल दर वेळी वेगळा गायला तरी तो ओळखू येतो, म्हणून त्याला स्वरठसा म्हणत. ठसा कुणाच्या मालकीचा निघाला आणि ऐकणाऱ्याकडे परवाना नसला, की कर्णिका तेवढा आवाज गाळून टाकी. पंखा, खोकला, तबला, सगळं ऐकू येई. गाणं तेवढं नाही.

“पण बाई समोर बसून गातात,” ओगले म्हणाले. “त्यांच्या गळ्यातलं गाणं दुसऱ्याचं कसं?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गुरूंच्या बंदिशी आपल्याबरोबर जाऊ नयेत म्हणून बाईंनी त्या एका कंपनीला गाऊन दिल्या होत्या. ज्या घराण्यानं तीन पिढ्या ध्वनिमुद्रण टाळलं, त्यातल्या बाईंनी फॉर्मवरचा ‘जतन’ एवढा एकच शब्द वाचला आणि सही केली. आता ठसे कंपनीचे. ओगल्यांनी घेतलेला परवाना एका पत्त्यापुरता आणि एका कानापुरता होता. सभागृहासाठी कंपनी परवाना देतच नव्हती.

हे सांगताना डॉक्टरांना स्वतःचीच शिसारी आली. ही घाणेरडी गाळणी त्यांनी स्वतःच्या हातांनी शेकडो कानांत बसवली होती. ती काढता येईल का, असं ओगल्यांनी विचारलं. काढली तर कर्णिका कायमची बंद पडणार, आणि मग नातीचं बोलणंही गेलं.

 चाळीस वर्षं ओगले बाईंच्या बैठकीत पहिल्या रांगेत उजवीकडे बसत आले होते, आणि समेवर येताना बाई त्यांच्याकडेच बघत.

“त्यांना कळता कामा नये,” ते म्हणाले. “फार लागेल त्यांना. ठेक्याला अजून मालक नाही, तेव्हा मी मात्रा मोजून दाद देईन. रविवारच्या बैठकीला तुम्ही शेजारी बसा. तुमचे कान अजून तुमचे आहेत. चुकलो तर कोपरानं ढोसा.”

डॉक्टरांना सम म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तबल्याचं आवर्तन फिरून ज्या मात्रेवर परत येतं आणि गाणंही नेमकं जिथं येऊन टेकतं ती सम, असं ओगल्यांनी त्यांना शिकवलं.

रविवारी सकाळी बैठक झाली. श्रोत्यांत डॉक्टर सोडल्या तर पन्नाशीच्या आतलं कुणी नव्हतं. ओगले बोटांवर मात्रा मोजत आणि समेवर मान डोलवून “वा” म्हणत. ते एकदाही चुकले नाहीत. सभागृहही त्यांच्याबरोबर डोलत होतं.

मग बाईंनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. पुढच्या आवर्तनात त्यांचे ओठ हलत राहिले, हात वर गेला, पण गळ्यातून आवाज निघाला नाही. तबलजी चमकून त्यांच्याकडे बघू लागला, तरी ठेका त्यानं सोडला नाही. बारा मात्रा झाल्या आणि सम आली.

“वा,” ओगले म्हणाले. त्याच क्षणी तीनशे माना डोलल्या, आणि मागून कुणीतरी “क्या बात है” म्हणालं.

बाईंची नजर न हललेल्या एकमेव माणसावर, डॉक्टरांवर, येऊन थांबली. त्यांनी पुन्हा सूर लावला आणि शेवटपर्यंत त्या डॉक्टरांकडे बघून गायल्या, ज्यांना तोडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर ओगल्यांनी विचारलं, बाईंना काही कळलं नाही ना? डॉक्टर नाही म्हणाल्या. खरं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

ओगल्यांचा चेहरा खुलला. “माझं जाऊ द्या हो,” ते म्हणाले. “एवढी माणसं ऐकत होती ना.”