चंद्रात शिरलेला माणूस

चंद्र बरोबर घड्याळाच्या मनोऱ्यामागून वर आला, आणि त्याच क्षणी त्यात एक माणूस शिरला.

वाचनालयाच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसलेली चष्मेवाली उडालीच. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणाऱ्या या मुलीला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायची सवय नव्हती. पण माणूस होताच. हातात तेलाची बुधली, आणि तेल घालायचं सोडून स्वारी कठड्याला रेलून चंद्र बघत उभी. केशरी, भलामोठा, अगदी दृष्ट लागावी असा चंद्र… आणि गुळाच्या ढेपेवर मुंगळा चढावा तसा हा मधोमध!

ती तरातरा उतरली आणि मनोऱ्याच्या दाराशी त्याला गाठलं.

“चंद्रात काय करत होता तुम्ही?”

“तेल घालत होतो.”

“चंद्राला?”

“घड्याळाला. चंद्र कुरकुरत नाही.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “बघू फोटो?”

बघितला. “जन्मात पहिल्यांदा बरा आलोय,” तो म्हणाला.

राग टिकवायचा तिने मनापासून प्रयत्न केला, पण हसू आलंच. मग गाऱ्हाणंही बाहेर पडलं. अकरा महिने ती कागदावर कोन आखत होती, गच्च्या, पूल, टेकड्या पालथ्या घालत होती; चंद्र काही मनोऱ्याच्या टोकावर नीट बसेना. आता एकच पौर्णिमा हाताशी होती. नंतर दुरुस्तीसाठी मनोऱ्याला परांची बांधणार होते, दोन वर्षं. सरकारी दोन.

“पुढच्या वेळी पादचारी पुलावरून, सहा बावन्नला. दुकानातून निघायला उशीर झाला की संपलं.”

“नाही होणार,” घड्याळवाला म्हणाला. “वेळ माझ्या ताब्यात असते.”

त्या महिन्यात तो तीनदा डोळे तपासून गेला. डोळे ठणठणीत होते. तिसऱ्या खेपेला त्याने सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली.

“तुम्ही तक्त्याकडे बघतच नाही आहात,” ती म्हणाली.

“तो पाठ झालाय…”

पौर्णिमेला नेमके एक काका फ्रेम निवडत बसले. एकोणीस फ्रेमा नाकावर चढवून शेवटी त्यांना स्वतःची जुनीच आवडली. ती धावत सुटली. वाटेत सवयीने मनोऱ्याकडे पाहिलं… सहा पन्नास. हुश्श! मग दम खात, सावकाश पुलाच्या पायऱ्या चढली.

चंद्र मनोऱ्याच्या चांगला वीतभर वर पोचला होता.

पुलावर घड्याळवाला उभा, चेहरा उजळलेला. “आलात ना वेळेत? आठ मिनिटं थांबवून ठेवलंय घड्याळ, तुमच्यासाठी.”

ती बघतच राहिली. “आणि चंद्राला कळवलंत?”

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. “ते… राहिलंच.”

तिने कॅमेरा कठड्यावर ठेवला.

“आमची तिसरी पिढी,” तो कठड्याकडे बघत म्हणाला. “घड्याळ कधी कोणासाठी थांबलं नाही. बाबा तर स्वतःच्या लग्नालाही किल्ली देऊन मगच गेले.”

“मग आज?”

“आज… थांबवावंसं वाटलं.”

तिने कॅमेरा उचलला. “जरा डावीकडे सरका.”

“मी मध्ये येतोय?”

“हो. तिथेच राहा.”

तो फोटो आता दुकानात लावला आहे. जरा जास्तच वर गेलेला चंद्र, खाली मनोरा, पुढे भांबावलेला एक माणूस, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली वेळ: सहा एकोणसाठ. नवा चष्मा घातला की गिऱ्हाईक पहिली ती वेळ वाचतं, मग मनोऱ्यावरची.

“ताई, यातलं घड्याळ चुकलंय.”

“माहीत आहे,” ती काच पुसत म्हणते. “आमच्या ह्यांनीच चुकवलंय.”