स्टार्टरमधलं सिम

मला यंत्रांचं पहिल्यापासून वेड. आमच्या गावात, कळसाडीत, कुणाचा मोबाईल अडला, टीव्हीचा रिचार्ज बसेना, नव्या फोनमधलं जुनं व्हॉट्सॲप सापडेना, की माणसं आमच्या ओट्यावर येतात. तेव्हा आता जे सांगतोय ते एखाद्या भित्र्या माणसाच्या मनाचे खेळ आहेत असं समजू नका. दिवा हवा तर जवळ ओढून घ्या. मला तुम्हाला घाबरवायचं नाही, एका माणसाचे उपकार सांगायचे आहेत.

आमची विहीर गावापासून लांब, उसाच्या मधोमध आहे. तिच्यात पाण्यात बुडालेली मोटर. शेतीच्या लाईटचं वेळापत्रक असतं, पण लाईट ते मनावर घेतेच असं नाही. म्हणून मी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. विहिरीशेजारच्या खोलीत भिंतीला एक पेटी, पेटीत सिम. लाईट आली की ती पेटी आपल्याला फोन करते आणि आतली बाई म्हणते, "लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." घरी बसून एक दाबायचं, तिकडे उसाला पाणी सुरू. साप-विंचवातून अंधारात चालत जाणं कायमचं सुटलं. ज्याने हे शोधून काढलं त्याला माझा दंडवत.

आमचे वडील, म्हणजे नाना, त्यांना मात्र हे मुळीच पटलं नव्हतं. नानांची एक रीत होती. मोटर चालू करण्याआधी ते विहिरीच्या काठावर ओणवे व्हायचे आणि कुणी आहे का, अशी आमच्या अहिराणीत आत हाक मारायचे, "कोनी शे का रे...?" मग आवाज घुमून घुमून विरेपर्यंत थांबायचे. आतून काही आलं नाही, तरच हिरवं बटण. तरुणपणी शेजारच्या मळ्यात एक माणूस पाण्यात उतरलेला असताना कुणीतरी वरून मोटर चालू केली होती, वायर उघडी पडलेली होती. त्याला बाहेर काढायला नानाच उतरले होते.

"बटन दाबाना पहिले हाक मारानी," ते म्हणायचे. पेटी बसवली त्या दिवशी तिच्याकडे बघत मला म्हणाले, "आते तुन्हा फोनले इचार, इहीरमा कोन शे ते. मशीनले डोया शेतस का?"

"कॅमेरा बी लाई देसू, नाना," मी हसून म्हणालो.

गेल्या वर्षी नाना गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. त्यांचा साधा बटणांचा फोन दामिनीने, माझ्या मुलीने, आठवण म्हणून ठेवून घेतला. त्यातला नंबर बंद पडू द्यायला मला जिवावर आलं, म्हणून ते सिम मी स्टार्टरच्या पेटीत घातलं. माझ्या मोबाईलमधलं नावही बदललं नाही. त्यामुळे शेतात लाईट आली की माझ्या फोनवर 'नाना' असं उमटतं. शीलाला, माझ्या बायकोला, सुरुवातीला ते बरं वाटेना. मग तीच स्वयंपाकघरातून सांगायला लागली, "नानासना फोन ऊना."

त्या दिवशी मी मिक्सर दुरुस्तीला शहाद्याला गेलो होतो. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. थंडीचे दिवस, गावावर चुलींचा धूर साचलेला. शेतातली लाईट जेवणानंतर यायची होती, म्हणून निवांत ओट्यावर चहा घेऊन बसलो. इतक्यात फोन वाजला. नाना. लाईट लवकर आली म्हणून मी खूष झालो, फोन उचलला आणि बोट एकवर नेलं.

बाई बोललीच नाही.

आधी नुसतं थेंब पडल्यासारखं ऐकू आलं. खोल पाण्यात पडतात तसे. मग नाकाला शेवाळाचा वास आला, ओला, थंड. चहा तर हातात वाफाळत होता. आणि मग...

"कोनी शे का रे...?"

शेवटचं अक्षर लांबवायचं आणि ते मध्येच चिरकायचं, ही नानांची हाक मी जन्मभर ऐकलेली. ती घुमली, हळूहळू विरली. नाना थांबायचे तेवढा वेळ पलीकडे शांत होतं. मग खालून, फार खालून, आवाज आला.

"शे... मी शे..."

तो नवनीतचा होता. माझ्या धाकट्या भावाचा.

"लाईट आली आहे," बाई लगेच म्हणाली. "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

मी बोट उचललं. फोन बंद केला.

"नवनीत कोठे शे?"

"वावरमा गया ना," शीला आतून म्हणाली. "मोटर पानी कमी फेकी ऱ्हायनी म्हने." ती दारात आली. "काय व्हयनं? कोठे चालनात?"

नवनीतला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी मोटारसायकल काढली.

उसातली ती वाट माझ्या पायाखालची आहे. पण त्या संध्याकाळी दोन्हीकडचा ऊस आत झुकल्यासारखा वाटत होता, पाती खांद्याला घासत होती, आणि तो शेवाळाचा वास माझ्याबरोबर येत होता. अर्ध्या वाटेत खिशातला फोन पुन्हा वाजू लागला. पॅन्टच्या कापडातून उजेड दिसत होता. काढायची हिंमत झाली नाही. काढताना चुकून एक दाबला गेला तर... फोन वाजत राहिला, मी गाडी हाकत राहिलो.

खोलीत पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता. मी आधी मेन स्विच खाली ओढला. मग काठावर ओणवा झालो. खाली सगळं काळं. नवनीतचं नाव घ्यायचं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"कोनी शे का रे...?"

"कितला येळा सांगू? शे म्हनं ना!" खालून वैतागलेला आवाज आला.

मोबाईलच्या उजेडात तो दिसला, छातीभर पाण्यात, एक हात पाईपाला घातलेला. मोटरीच्या जाळीत शेवाळ अडकलं होतं ते काढायला उतरला होता. तो शिडीने वर आला, दात वाजत होते. पाईपाला घासून वायरचं कातडं निघालं होतं, आतलं तांबं चमकत होतं. त्याने तो भाग मला उजेडात दाखवला.

"लाईट ते जेवननंतर येनार व्हती ना," तो म्हणाला. "म्हनीसन फ्यूज नही काढा." मग माझ्याकडे बघून, "बरं व्हयनं तू पहिले हाक मारी ते."

"मी आतेच उनू. तवय मी घर व्हतू."

"मंग पहिले...?" तो थांबला. "दादा, तो आवाज..."

"माले माहीत शे."

काठावर बसून आम्ही दोघं भाऊ लहान पोरांसारखे रडलो. नाना गेले तेव्हाही इतके रडलो नव्हतो.

दोन दिवसांनी कारागिराला बोलावून पेटी उघडून घेतली. तो म्हणाला, "भाऊ, यात माईक नसतो. ही फक्त बोलते, ऐकत नाही." टपरीवर कुणी म्हणालं नेटवर्कचा घोळ, कुणी म्हणालं सिम काढून तापीत सोड. दामिनीने इंटरनेटवर बघून आणखी चार कारणं सांगितली. मी सगळ्यांना हो म्हणालो. सिम काढलं नाही. माझा भाऊ रोज माझ्यासमोर जेवतो, याहून मला कारण नको आहे.

तेव्हापासून नानांची रीत आमच्या घरात आली. वायर बदलली, लाईट असो-नसो फ्यूज काढतो, मळ्याच्या फाटकाला कुलूप लावतो. आणि फोन आला की एक दाबण्याआधी मी त्याच्यात हाक मारतो, "कोनी शे का रे...?" पलीकडे माईक नाही हे मला ठाऊक आहे. तरी नानांइतकं थांबतो. काही आलं नाही, की मनातल्या मनात त्यांना हात जोडतो आणि एक दाबतो. कुणी हसत नाही.

परवा सगळे जेवायला बसलो होतो. नवनीत माझ्या शेजारी भाकरी मोडत होता, शीला वाढत होती, दामिनी समोर. फाटकाची किल्ली खुंटीला. फोन वाजला, नाना. हात खरकटा म्हणून मी तो डाव्या हाताने ताटाशेजारी ठेवला, आवाज मोठा केला आणि हाक मारली. थांबलो. बोट एककडे नेलं.

"शे..."

नवनीतचा हात भाकरीवरच राहिला. आवाज नानांचा होता. पण या वेळी तो काठावरून येत नव्हता. खालून येत होता.

"लाईट आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

"नाना..." मी म्हणालो. "वर या ना, नाना..."

थेंब पडत राहिले.

"एक दाबा," बाई पुन्हा म्हणाली.

नवनीतने फोन हळूच उचलून पालथा ठेवला. "दादा," तो म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी आम्ही उसाला पाणी दिलं नाही.