सिंधुबाईंच्या नावाचा पुकारा

आधीच सांगते, मला असल्या गोष्टी वाचायचीसुद्धा सवय नाही. लिहिणं तर लांबच.

पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितेय. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं, माझा काही आग्रह नाही.

२५ डिसेंबर २०२३. सोमवार. संध्याकाळचे सहा.

जागा नाशिकची. इंदिरानगरमध्ये आमच्या नागरिक मंडळाचा हॉल आहे, त्याला लागून असलेलं मैदान.

मी मनीषा. वय एक्कावन्न. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. नाताळच्या सुट्टीत आमचं मंडळ तीन दिवसांचा आनंद मेळा भरवतं. पाळणे, खेळ, मिसळ, पावभाजी, बायकांचे स्टॉल. जे जमेल त्यातून मंडळ व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची मशीन घेतं आणि गरजूंना वापरायला देतं.

पूर्वी आम्ही चाळीस जण राबायचो. आता अकरा उरलोत. त्यातले चार साठीच्या पुढचे.

तिसरा दिवस होता. माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दुपारचं जेवण झालंच नव्हतं. घोषणा करणाऱ्या बाईंचा दुपारीच घसा बसला, म्हणून आमचे सेक्रेटरी शेखरदादा माईक माझ्या हातात देऊन गेले.

"बसूनच करायचं काम आहे, मनीषाताई. तेवढाच आराम."

मला बरंच वाटलं. निदान खुर्ची तरी मिळाली.

काम सोपं होतं. कुणाची गाडी आडवी लागलीय, कुणाचं पोरगं चुकलंय, लकी ड्रॉ किती वाजता. मैदानात तीन कर्णे होते. एक गेटवर, एक पाळण्यापाशी, एक हॉलच्या भिंतीवर. मधल्या वेळात साउंडवाला चंदर गाणी लावायचा.

साधारण सव्वासहाला एक म्हातारे बाबा टेबलापाशी येऊन उभे राहिले.

पांढरा सदरा, धोतर, टोपी. एवढ्या थंडीत अंगात स्वेटर नाही.

"बाई, आमची मंडळी हितं हाय. जरा पुकारा."

"कोण, बाबा? बायको का?"

"व्हय. सिंधुबाई केरू बोरगुडे. निफाडकडची."

मी पुकारलं. "सिंधुबाई केरू बोरगुडे, निफाड. जिथे असाल तिथून घोषणेच्या टेबलाजवळ या. तुमचे मालक वाट बघतायत."

नाव घेताना कुठेतरी काहीतरी खटकलं... पण दुपारपासून शंभर नावं घेतली होती. मी लक्ष दिलं नाही.

बाबांना म्हटलं, "बसा. येतील."

ते माझ्या मागच्या खुर्चीत बसले. मी पुन्हा कामाला लागले.

दहा मिनिटं गेली. कुणी आलं नाही.

मी पुन्हा पुकारलं. आणि त्याच वेळी हॉलच्या भिंतीवरचा कर्णा खरखरला...

"...हाय... बरी हाय..."

बाईचा आवाज. बारीक.

मी मान वळवून बघितलं. हॉल बंद होता, कुलूप होतं. कर्ण्याखाली कुणी नव्हतं. शेजारी पॉपकॉर्नचा स्टॉल, तिथल्या पोरी आपापसात हसत होत्या.

दुसऱ्या कुणाचा तरी आवाज माईकमध्ये आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. अंगात त्राणच नव्हतं. उठून बघायचाही कंटाळा आला होता.

मागून बाबा म्हणाले, "मंडळी जेवली आसंल का?"

माझा हात माईकवरच राहिला.

हे वाक्य मी ऐकलं होतं.

याच आवाजात. रोज संध्याकाळी. नऊ दिवस.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल.

२०२१चा एप्रिल. तेव्हा काय परिस्थिती होती ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं मंडळ वेगवेगळ्या हॉस्पिटलांत पेशंटना डबे पोचवायचं. ज्यांच्याजवळ नातेवाईक नव्हते, त्यांना रोज फोन करून विचारपूस करायचं काम माझ्याकडे होतं. डबा मिळाला का, जेवलात का, घरी काही निरोप द्यायचाय का. माझ्या यादीत तेवीस नावं होती. एकाचाही चेहरा मी बघितला नव्हता. फक्त आवाज.

त्यातले एक केरू बोरगुडे. ते एका हॉस्पिटलात, बायको दुसऱ्या. मुलगा गोरक्ष स्वतः आजारी, गावाकडे घरात कोंडलेला.

पाचव्या दिवशी सकाळी गोरक्षचा फोन आला. आई गेली होती.

"ताई, बाबांना सांगू नका. ते खचतील. काहीतरी सांगा तुम्ही."

मी सांगितलं. "बाबा, सिंधुबाईंना सुट्टी मिळाली. त्या आमच्या मंडळाच्या हॉलवर आहेत. तिथे आम्ही सोय केलीय. तुम्ही बरे झालात की इथूनच त्यांना घेऊन जा."

त्यानंतरही रोज तोच प्रश्न. मंडळी जेवली का?

रोज मी म्हणायचे, जेवल्या.

नवव्या दिवशी त्यांना धड बोलता येत नव्हतं. म्हणाले, एकदा तिच्याशी बोलू द्या.

मी सकाळपासून फोनवर होते. त्या दिवशी यादीतले तिघं गेले होते. मला नाही म्हणवेना, आणि खरं सांगायची ताकदही नव्हती.

मी फोन जरा लांब धरला. पदर तोंडावर घेतला. आणि बारीक आवाजात बोलले...

"मी बरी हाय. या तुम्ही."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही. पहाटेच बाबा गेले होते.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गोरक्षलाही नाही.

तर त्या संध्याकाळी, मेळ्याच्या गर्दीत, मी टेबलापाशी बसले होते आणि माझ्या मागच्या खुर्चीत तो आवाज होता.

मला मागे वळायची हिंमत होईना.

समोर पाळणा फिरत होता. पोरं ओरडत होती. कुणीतरी मला गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी देऊन गेलं. मी ती हातात धरून बसले.

"पुकारा ना बाई परत," मागून आवाज आला. "लय येळ झाला."

मी पुकारलं नाही. तोंड उघडलंच नाही.

तरी कर्णा खरखरला. या वेळी स्पष्ट...

"मी बरी हाय. या तुम्ही."

मिसळीच्या रांगेतल्या दोन बायकांनी मान वर करून कर्ण्याकडे बघितलं. म्हणजे तो भास नव्हता.

चंदर धावत आला. "ताई, माईकवर काय बोललात?"

"मी नाही बोलले."

"मग कोण? तुमचाच आवाज होता ना तो."



"नीट ऐकलंस का तू?"

"तीन दिवस झाले तुमची बोलणी खातोय, ताई. तुमचा आवाज नाही ओळखणार?" तो जरा हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "दमलात तुम्ही. घरी जा. वायरमध्ये काहीतरी घोळ आहे, मी बघतो."

तो हॉलच्या बाजूला गेला. थोड्या वेळाने गाणं बंद पडलं.

मी वळून बघितलं. बाबा तसेच बसले होते. दोन्ही हात गुडघ्यावर. माझ्याकडे बघत नव्हते. हॉलच्या कुलपाकडे बघत होते.

बायको आत आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मला भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त थकवा आला होता. त्या दिवसाचा नव्हे. अडीच वर्षांचा. मनात आलं, हे आता संपवायला हवं. कसंही.

मी माईक तोंडाशी धरला.

"केरूबाबा," मी म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलले. सिंधुबाई हॉलवर कधीच आल्या नाहीत. त्या तुमच्या आधी पाच दिवस गेल्या. हॉस्पिटलातच. फोनवर त्या नव्हत्या. मीच होते."

माझा आवाज तिन्ही कर्ण्यांतून घुमला. मला तो चांगला ऐकू आला. शेवटचं वाक्य तर दोनदा ऐकू आलं.

कुणी वळून बघितलं नाही.

पाळणा फिरतच होता. पॉपकॉर्नवाल्या पोरी हसतच होत्या. कुणाला काही कळलंच नसावं, असं सगळं चालू होतं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं झालं सांगितलं," बाबा म्हणाले.

एवढंच. रागाने नाही, रडून नाही. बराच वेळ थांबलेल्या माणसाला गाडीची वेळ कळावी, तसं.

मी वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मी माईक खाली ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. रडू येत होतं की झोप, मला सांगता येणार नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. एक-दोन मिनिटंच असतील.

"ताई..."

मी डोकं वर केलं.

तिशीतली एक बाई समोर उभी होती. अंगात गाऊन, त्यावर शाल. कधीच बघितलेली नव्हती. पण आवाज... आवाज मला माहीत होता.

"माझं पण सांगायचं राहिलंय ना, ताई? माझं बाळ कसंय?"

तिच्या मागे एक माणूस उभा होता. त्याच्या मागे एक आजी. त्यांच्या मागे अजून कुणी.

रांग होती.

मेळ्यात रांगा असतातच. मिसळीला रांग होती, पाळण्याला होती. लोक एकमेकांना खेटून, ढकलत उभे होते.

ही रांग तशी नव्हती.

यातला प्रत्येक जण पुढच्यापासून दोन-दोन हात अंतर ठेवून उभा होता.

रांग गेटपर्यंत गेली होती. त्यापुढे अंधार होता. मला दिसलं नाही.

मी उठले आणि टेबल सोडून पळाले. मांडवाच्या मागे, भांडी घासत होते तिथे जाऊन पाण्याच्या पिंपाला धरून उभी राहिले.

शेखरदादा मला शोधत आले. मी विचारलं, टेबलापाशी कोण आहे?

"कोणी नाही. का?"

चंदर त्यांच्या मागेच होता. मी त्याला विचारलं, मी मघाशी माईकवर बोलले ते ऐकलंस का?

तो गोंधळला.

"मघाशी कधी? मशीनच बंद होती, ताई. मी पिन काढून वायर तपासत होतो. पिन माझ्या हातात होती."

मला रिक्षाने घरी पाठवलं. सगळे म्हणाले, उपाशीपोटी चक्कर आली. मीही तसंच म्हणाले.

आठवड्याने मी गोरक्षला फोन केला. इतक्या दिवसांनी माझा फोन बघून तो चपापला. मी त्याला मेळ्यातलं काही सांगितलं नाही. फक्त त्या शेवटच्या फोनचं सांगितलं. पदर तोंडावर घेऊन मी काय बोलले ते. माफी मागितली.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक हाय, ताई."

"कसं?"

"बाबांनी रात्री मला फोन केला व्हता. शेवटचा. म्हणले, तुझी आई गेली वाटतं. त्या बाई तिचा आवाज काढून बोलत व्हत्या. मी म्हणलं, बाबा, मग तुम्ही त्यान्ला बोलला का नाय? तर म्हणले, राहू दे. लय दमल्यात त्या."



म्हणजे त्यांना माहीत होतं. आधीपासून.

मग ते मेळ्यात कोणाला न्यायला आले होते? ज्या बाईचं नाव त्यांनी माझ्याकडून पुकारून घेतलं, ती तिथे नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते का बसून राहिले?

रात्री कधी जाग आली की एक विचार येतो, आणि मग पहाटेपर्यंत झोप लागत नाही. ते पहिले आले असतील. बाकीच्यांची वाट मोकळी करायला.

माझ्या यादीत तेवीस नावं होती. त्यातली चौदा माणसं घरी परतली नाहीत. चौदाही जणांना मी काही ना काही सांगितलेलं आहे. बाळ बरंय. मुलीचं लग्न ठरलंय. आई घरी आलीय. काही खरं होतं, काही नव्हतं. कोणाला काय सांगितलं, ते आता मला नीट आठवतही नाही.

परवा यंदाच्या मेळ्याची मीटिंग झाली. आम्ही नऊच उरलोत. शेखरदादांनी कामं वाटली. माईकला कोणी तयार होईना. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हटलं.

फक्त टेबल या वर्षी मांडवात नको, गेटसमोर मोकळ्या जागेत लावा, असं सांगितलं. शेखरदादांनी कारण विचारलं.

मी म्हटलं, गर्दी होते.

त्यांनी वहीत लिहून घेतलं.